अंजुणाचा बुधवारचा बाजार: आत्याला घेऊन एका दिवसात जमतंय काय?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. डिसेंबरात पुण्याहून आत्या येणार आहे (म्हणजे ह्यांची आत्या, पण माझंच तिच्याशी जास्त जमतं), सोबत तिची नात, वय ९. आत्या ६८ ची, गुडघे कुरकुरतात पण जीभ आणि हौस दोन्ही शाबूत. तिनं कुठंतरी गोव्यातल्या अंजुणाच्या त्या बुधवारच्या बाजाराचं रील बघितलंय आणि आता फोनवर रोज तेच, की बेळगावला येऊन नुसता कुंदा खाऊन परत जाणार नाही, मला तो बाजार बघायचाय म्हणजे बघायचाय.

ह्यांचं म्हणणं, बाजारच बघायचा तर पांगुळ गल्लीत नेऊन सोड तिला, सगळं मिळतंय, चोर्ला घाटाचे हाल कशाला. पण एकदा आत्याच्या डोक्यात आलं की आलं. तर पहाटे निघून रात्री परत असं होतंय का, का एक मुक्काम धरावाच लागतोय? म्हाताऱ्या माणसाला चालायला कितपत आहे, बसायला जागा, बाथरूम वगैरे? पैसे रोख न्यायचे की फोनवर चालतंय? आणि भाव कसा करायचा ते कुणीतरी नीट सांगा, कारण मला ते अजिबात जमत नाही, मी ‘बघा की ओ काहीतरी’ म्हणते आणि तो म्हणेल ते देऊन येते.

भीती एकच, फसवणुकीची. लग्नानंतर पहिल्यांदा गोव्याला गेलो होतो तेव्हा मी एका स्टॉलवरनं ‘प्युअर सिल्व्हर मॅडम’ म्हणून २,२०० चे पैंजण आणले, पावसाळा यायच्या आधीच हिरवे पडले, पायाला पण हिरवा वळ. सासूबाई अजून दर हळदीकुंकवाला ती गोष्ट सांगतात. या वेळी आत्यासमोर परत तसलं नको.

केए२२_भटक्या

वहिनी, बिनधास्त जावा. मी दर सीझनला एक तरी चक्कर मारतो म्हणून सांगालोय.

पहिलं म्हणजे वार चुकवू नका. हसू नका, आमच्या ऑफिसातली चौघं गेल्या वर्षी गुरुवारी जाऊन मोकळं मैदान आणि दोन कुत्री बघून आली. बाजार फक्त बुधवारी आणि तोही पावसाळा सोडून, ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो तो एप्रिलपर्यंत धरा. शनिवारी रात्री आरपोऱ्याला दुसरा नाईट मार्केट असतो, तो वेगळा, तिथं गाणी आणि खाणं जास्त, आत्याला झेपायचं नाही.

रस्ता बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली, म्हापसा, अंजुणा. अंतर सव्वाशेच्या आतबाहेर पण घाट आहे त्यामुळं साडेतीन तास धरूनच निघा, नातीला गाडी लागत असेल तर आलेपाक जवळ ठेवा. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबा, मलप्रभेचा उगम तिथंच आहे, दर्शन पण होतंय आणि आत्याचे पाय पण मोकळे होतात. साडेपाचला घर सोडलं तर नऊ-साडेनऊला पोचाल, तेव्हा पार्किंगही मिळतंय आणि सावलीही. बारा ते तीन ऊन डोक्यात जातंय, नारळाची झाडं आहेत पण सगळीकडं नाहीत. चारनंतर परत रंग चढतो, गाणंबजावणंवाले येतात, समुद्राच्या बाजूला बसून सूर्य बुडताना बघायला एक नंबर, पण तोवर थांबलात तर घाट अंधारात उतरायला लागणार, म्हणजे चढायला. डिसेंबरात वर धुकं असतं. माझं मत विचाराल तर दोनला निघा, नाहीतर सरळ म्हापशात मुक्काम टाका.

जमीन कच्ची आहे, चढउतार, लाल माती, दगड. आत्याला बुटासारखं काहीतरी घालायला लावा, साडीचा काठ लाल होणार हे धरून चाला. फोनवरनं पैसे चालतात बहुतेक ठिकाणी पण गर्दीत नेटवर्क बसतंय, तेव्हा शंभर-पन्नासच्या नोटा ठेवा. पाचशेची नोट काढली की भाव तिथंच अडकतो, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तिथं गेल्यावर हिंदी-इंग्लिश बोलू नका. खरं सांगालोय. त्या बाजारात आरशाच्या पिशव्या, भरतकामाच्या चादरी, कवड्यांचे पट्टे घेऊन ज्या बायका बसतात त्यातल्या कितीतरी लमाणी, आपल्या कर्नाटकातल्या, विजापूर-गदगकडच्या तांड्यांवरनं सीझनला खाली येतात. मी एकदा एका अक्काकडं पिशवी बघत होतो, तिनं हिंदीत १,८०० सांगितले, मी इकडं-तिकडं करालोय तेवढ्यात दुकानातल्या पोराचा फोन आला, मी त्याच्याशी कन्नडमधे बोललो, झालं. अक्का उठून उभी, ‘बेळगावदवरेन्री? मोदल हेळबारदेन्री!’ म्हणजे बेळगावचे व्हय, आधी नाही का सांगायचं! पिशवी ६०० ला दिली, वर मला विचारलं की विजापूर बाजूला पाऊस झाला काय. आता गंमत बघा, बेळगावात काउंटरवर कुणी कन्नडमधे बोल म्हणालं की आपल्या कपाळाला आठ्या, आणि तिकडं समुद्राकाठी तीच भाषा १,२०० रुपये वाचवते. ‘एष्ट री’ (कितीला हो) आणि ‘स्वल्प कम्मी माडरी अक्का’ (जरा कमी करा अक्का) एवढी दोन वाक्यं पाठ करून जावा.

बाकी कान साफ करणारे, टॅटूवाले, केसाला दोरे बांधणारे मागं लागतात, त्यांना नुसतं मान हलवून पुढं. आणि पितळी होकायंत्र, ज्याच्यावर १८८५ वगैरे कोरलेलं असतंय, ते जुनं नसतं हो, नवीनच घडवून वर साल टाकतात. शोभेला घ्या, वारसा म्हणून घेऊ नका.

म्हापशाची_लेक

भटक्या भाऊ, रागावू नका, पण एक बोलते. मी म्हापशाची, टिळकवाडीत सून होऊन १९ वर्षं झाली. अंजुणा आम्ही गोंयकार फार तर पाहुणे आले की दाखवायला जातो, स्वतःची खरेदी करायला कुणी जात नाही. शहापूरची_सून, तुम्ही बुधवारऐवजी शुक्रवारी जा आणि आत्याला म्हापशाचा बाजार दाखवा. तोच खरा बाजार. गावागावातनं बायका टोपल्या घेऊन येतात, मयड्याची केळी (ती लांबलचक, एक खाल्लं की जेवण नको), हरमलच्या मिरच्या, सुकी सुंगटां (कोळंबी), नारळाच्या गुळाच्या ढेपा, मातीची मडकी, दोदोल, बेबिंका असली गोवन मिठाई, काजू. चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) पण माळेसारखी टांगलेली असते, पण आत्या शाकाहारी असेल तर ती लाईन टाळा, वास थेट नाकात बसतो. गल्ल्या पक्क्या आहेत, कडेला कुठंतरी टेकायला मिळतं, बसस्टँड जवळ. अंजुणाच्या त्या धुळीत ६८ वर्षांच्या बाईला कशाला?

आणि दुसरं, ते १,८०० चं ६०० केलं म्हणून आनंद झाला ते ठीक, पण त्या बायका सकाळपासनं उन्हात बसतात, एका पिशवीला किती दिवस टाके घातलेत ते विचारा एकदा. जुन्या घागऱ्याचे तुकडे जोडलेले असतात त्यात, हातानं आरसा बसवलेला. भाव करावा, मीही करते, माझी आई तर मासेवालीला रडवायची. पण शेवटच्या ५० रुपयांसाठी उठून जाण्याचं नाटक करू नये, त्यातनं काय घर बांधणार आहोत आपण.

हां, नातीला एक सांगा, समुद्राकाठी कुणी प्रवाळाचे तुकडे विकत असेल तर घ्यायचे नाहीत. प्रवाळ आणि काही शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, शोकेसमधे ठेवायच्या नादात भलतंच व्हायचं. रेतीत सापडलेले साधे शिंपले घेऊन येऊ दे की पोरीला, त्याला पैसे पण लागत नाहीत.

केए२२_भटक्या

ताई, पटलं पन्नास रुपयांचं. पण आत्यानं रील अंजुणाचं बघितलंय ना, म्हापशाला नेऊन केळी दाखवली तर त्या आयुष्यभर बोलून दाखवतील. 😄

जुना_कॅम्पवाला

सूनबाई, माझं वय तुमच्या आत्याच्या पुढं चार पावलं, तेव्हा मी लिहितो ते थोडं पाल्हाळ वाटेल.

आम्ही आरपीडी कॉलेजातले पाच मित्र १९७९ ला पहिल्यांदा तिथं गेलो. तेव्हा चोर्ल्यातनं आजच्यासारखं जाणं नव्हतं, आम्ही रामनगर, मोले करत बसनं पणजीला गेलो आणि तिथनं मांडवीचा पूल ओलांडून म्हापसा, तोच पूल जो पुढं १९८६ च्या जुलैत कोसळला. अंजुणाला उतरून चालत निघालो, बाजार कुठं आहे हे विचारायला लागलं नाही, ढोल ऐकू येत होता.

तेव्हा तो बाजार म्हणजे विकणारे गोरे आणि बघणारे आपण. सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केला तो, हिवाळा संपत आला की परतीच्या तिकिटाला पैसे नसायचे, मग अंगावरच्या जीन्स, कॅमेरा, कॅसेट, गिटार, झोपायच्या पिशव्या, सगळं चादरीवर मांडून बसायचे. त्यात एट फिंगर एडी नावाचा अमेरिकन, खरं नाव यर्टवर्ड माझामॅनियन, हातांना मिळून आठच बोटं, त्याचं नाव या बाजाराच्या सुरुवातीशी जोडतात. तो पुढं गोव्यातच राहिला आणि २०१० ला तिथंच गेला. आम्ही त्याला बघितलं की नाही देव जाणे, दाढीवाले सगळे सारखेच दिसत होते. मी एका बाईकडनं हातानं विणलेला लोकरीचा स्वेटर घेतला ४० रुपयांना. तिला मोडकं हिंदी येत होतं, मला मोडकं इंग्लिश, तिनं बोटं दाखवली, मी बोटं दाखवली, सौदा झाला. तो स्वेटर मी पंधरा वर्षं वापरला, बेळगावच्या थंडीत तसा स्वेटर परत मिळाला नाही.

आता उलट झालंय. विकणारे आपल्याकडचे, काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी, लमाणी, आणि घेणारे सगळ्या जगातले. त्यामुळं जुनी माणसं म्हणतात की आता त्यात राम राहिला नाही. मला तसं वाटत नाही. बाजार आहे, माणसं बदलणारच. आत्याला न्या. फक्त सोबत घडीची खुर्ची न्या, प्लॅस्टिकची हलकी मिळते ती, हा माझा एकमेव उपयोगी सल्ला.

पायताण

दादा, वहिनी, समद्यास्नी नमस्कार. आमी अथणीकडचं, चपलांचं काम घरात आज्ज्यापास्नं. हितं कुनी चपलेचं काढलंच न्हाई म्हून लिहालोय, कारण त्या बाजारात गेलं की आत्याबाई कोल्हापुरी चप्पल घेनारच, लिहून ठेवा.

तिथं ‘जेन्युइन कोल्हापुरी’ म्हून जे विकत्यात त्यातलं बरंचसं कोल्हापुरात झालेलंच नसतंय, आमच्यात झालेलं असतंय, अथणी, मदभावी, निपाणी ह्या बाजूला. त्यात फसवनूक काय न्हाई. २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते दोनी राज्यांस्नी मिळून मिळालं, महाराष्ट्रातलं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आनि कर्नाटकातलं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असं आठ जिल्ह्यांचं. तेव्हा अथणीची चप्पल कोल्हापुरीच. हद्दीच्या दगडाला काय कातडं कळत न्हाई. २०२५ च्या जूनात मिलानच्या फॅशन शोत तसलीच चप्पल दिसली आनि गाजावाजा झाला तेव्हा मुंबईपास्नं समदे कोल्हापूरलाच फोन करत हुते, आमच्या गल्लीत कोन आलं न्हाई, असो.

फसवनूक हुतीय ती दुसरीकडं. रेक्झिनची मशीनवर केलेली चप्पल तसलाच रंग मारून त्याच ढिगात टाकत्यात. ओळखायचं कसं सांगतो. पयलं वास घ्या, लाजू नका, खऱ्या चपलेला बाभळीच्या सालीचा-हिरड्याचा तुरट वास असतोय, रेक्झिनला रॉकेलासारका. मग कडा बघा, तळाची कापलेली बाजू. कातडं असलं की तंतू दिसत्यात, उलं उलं सुटल्यागत. रेक्झिन असलं की आत कापडाचा थर दिसतोय. मग शिवन बघा, आमची शिवन वादीची, म्हंजे कातड्याचीच दोरी, खिळा एक न्हाई. तळाला म्हशीचं कातडं, वरच्या वेणीला शेळीचं, म्हून वेनी मऊ आनि तळ दगड. वेनी घालायचं, टाके घालायचं काम आमच्या बायकाच करत्यात घरात बसून, तळ कापायचं बापय. नाव मात्र कुनाचंच नसतंय चपलेवर.

भावाचं म्हनाल तर तिथं १,५०० सांगितलं तर आमच्या हातात त्यातलं किती येतंय हे न इचारल्यालं बरं. तेव्हा भाव करा, पन तो दुकानदाराच्या नफ्यातनं जातोय का कारागिराच्या, ह्ये कळायला मार्ग न्हाई. आत्याबाई येनारच हायत तर अथणीला बी या की एक दिवस, बेळगावपास्नं अंजुणाएवढंच हाय.

सराफगल्ली

पैंजणांचं मी सांगतो कारण रोज कुणी ना कुणी तसले घेऊन दुकानात येतंय. चांदी काळी पडते, हिरवी पडत नाही. हिरवं पडलं म्हणजे तांबं. ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी शून्य, तांबं, निकेल आणि जस्त. चुंबक लावून बघायचा सल्ला कुणी देईल तर ऐकू नका, चांदीलाही चुंबक चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही नाही. ९२५ चा (म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा) शिक्का बघा, पण शिक्का मारायला कुणाचा हात धरतो कोण? तेव्हा उघड्या बाजारात दागिना आवडला तर शोभेचा दागिना म्हणून घ्या, ३०० च्या वर देऊ नका, चांदी घ्यायची तर पावती देणाऱ्याकडनं घ्या. तिबेटी लोकांकडची फिरोजी खड्यांची कामं छान असतात, पण तो खडा बहुतेक वेळा रंगवलेला असतो, तेही तसंच समजून घ्या.

शालीचं घरच्या बाईसाहेबांना विचारलं, त्या म्हणतात पश्मिना म्हणून अर्ध्या किमतीत दिली तर पदराचा एक सुटा धागा मागा आणि लांब नेऊन काडीनं जाळा. लोकर असली तर केस जळाल्यासारखा वास आणि राख चुरते, अॅक्रिलिक असलं तर वितळून मणी होतो. विकणारा धागा द्यायला तयारच नसला तर मग जाळायची पण गरज नाही.

खानापूरचा_नाना

सगळ्यांनी ज्ञान दिलं, रस्त्याचं कुणी बोलंना. चोर्ल्याला खड्डे भरायचं काम कधी सुरू कधी बंद, आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून विचारूनच निघा, नाहीतर आत्याचे गुडघे राहू दे, तुमची कंबर जाईल. पेट्रोल जाताना बेळगावात निम्मंच टाका, गोव्यात आपल्यापेक्षा स्वस्त आहे, येताना डिचोलीत फुल करा. आणि येताना डिकीत ‘दोनच बाटल्या’ म्हणून काही ठेवू नका, एक्साइजवाले गाडी थांबवून बघतात, परमिट नसलं की आत्यासमोर शोभा. आमच्या पावण्यानं फेणीची बाटली नातवाच्या वॉटरबॅगेत लपवली होती आणि नातू नाक्यावरच पाणी मागायला लागला.

शहापूरची_सून

अरे देवा, एवढे रिप्लाय! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नाना, तुमचं वाचून हे अजून हसत आहेत. ठरलं, बुधवारीच जातोय, मुक्काम नाही. खुर्ची आणली, कन्नडची दोन वाक्यं पाठ करालेय, आत्या फोनवर म्हणते मला शिकवू नकोस, मी पुण्यात तुळशीबागेत ४० वर्षं भाव केलाय. येऊन सांगते.

शहापूरची_सून

आलो बाबा परत. काल रात्री पावणेदहाला. सगळं सांगते, लांबेल.

साडेपाचचं ठरलेलं, आत्याचा दुसरा चहा झाला तेव्हा सव्वासहा. जांबोटीच्या पुढं असलं धुकं की समोरचा दिवा दिसेना, ह्यांनी गाडी चालतच नेली म्हणा. कणकुंबीला माउलीला नारळ फोडला, आत्या म्हणाली झालं, इथनं परत गेलं तरी चालेल एवढं बरं वाटलं. पोचलो साडेदहाला. पार्किंग लांब मिळालं.

भटक्या दादा, तुमची कन्नडची युक्ती! मी पहिल्याच स्टॉलवर मोठ्या तोऱ्यात ‘एष्ट री’ म्हटलं तर समोरचा काश्मिरी निघाला. तो म्हणतो, ‘मॅडम, मराठी बोलिए ना, हम दस साल से यहीं हैं.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या तिथंच हसायला लागली आणि पुढं दिवसभर प्रत्येक स्टॉलवर मला ‘एष्ट री’ म्हणून हाक.

पुढं एक लमाणी आजीच म्हणा, तिच्या चादरीपाशी आत्याचे गुडघे थांबले. खुर्ची उघडून तिथंच बसली, मी कन्नड काढायच्या आत आत्यानं सरळ मराठीत विचारलं, ‘हे तू स्वतः शिवलंस का गं?’ आणि ती बाई मराठीतच बोलायला लागली! सांगलीकडं ऊस तोडायला टोळीबरोबर जात होती म्हणे कितीतरी वर्षं, आता कंबर चालत नाही म्हणून हे काम. मग दोघींचं गुडघे, कंबर, सुना, सगळं निघालं. अर्धा तास. मधे एक फॉरेनची बाई आली, तिला आत्यानंच पिशवी उघडून दाखवली, आतनं शिवण कशी आहे ते मराठीत समजावून सांगितलं, आणि ती घेऊन पण गेली! तुळशीबागेत ४० वर्षं भाव केलेल्या आमच्या आत्यानं स्वतःसाठी उशीचे दोन अभ्रे घेतले, बाईनं ९०० सांगितले, आत्यानं ९०० दिले. मी बघतच राहिले. वर त्या बाईनं नातीला आरशाचं छोटं पाकीट फुकट दिलं. म्हापशाची_लेक ताई, तुमचं ऐकलं म्हणायचं की काय, पण आत्याला तर तुमचा रिप्लाय वाचून पण दाखवला नव्हता.

नातीनं केसाला रंगीत दोरे बांधून घेतले, कान साफ करणाऱ्यानं ह्यांना तीनदा गाठलं. दागिना एकही घेतला नाही, हिरव्या वळाची शपथ. एके ठिकाणी खणाच्या कापडाची पर्स बघितली, ‘बोहो’ म्हणून १,१०० ला, म्हटलं हा खण तर गुळेदगुड्डचा, माझ्या लग्नाच्या चोळीचा, तो म्हणाला मॅडम तेच तर बोहो. घेतली नाही. तशी शहापुरात टेलरकडनं दीडशेत शिवून होईल.

ऊन फार झालं, पावणेदोनला निघालो. येताना म्हापशात मयड्याची केळी घेतली, खरंच एकात पोट भरतं. डिचोलीत पेट्रोल फुल केलं. नाना, डिकीत काही नव्हतं, तरी नाक्यावर हे उगाचच घाबरले होते.

आता एकच काम राहिलंय. पायताण दादा, तुम्ही लिहून ठेवा म्हणालात तसंच झालं, आत्यानं चप्पल घेतली. वास घेऊन, कडा बघून, वादी बघून, सगळी परीक्षा करून, ७५०. विकणारा म्हणाला माल अथणीचाच. पण कालपासनं चावतेय, अंगठ्याला आणि बाजूला लाल झालंय, आत्या काढायला तयार नाही. काय करू? फोटो टाकालेय.

पायताण

वहिनी, माल चांगला हाय, वेनी बघूनच कळालं, आमच्याच बाजूची. चपलेचं कान (बाजूच्या पट्ट्या) आनि अंगठा आतनं खोबरेल तेल लावून रातभर ठेवा, दोन-चार दिस घरातल्या घरात घालू दे, मग पायाचा आकार घेतीय. पान्यात भिजवू नका. आनि आत्याबाईस्नी सांगा, फोटोत उजवी चप्पल डाव्या पायात हाय.